चिठ्ठी हरवलेला दगड

मेहकरच्या ज्या शाळेत मी बत्तीस वर्षं भूगोल शिकवला, तिथे भूगोलाच्या खोलीत काचेचं एक कपाट होतं. वरच्या फळीवर पृथ्वीचा गोल. त्याचा अक्ष कललेला असतोच, पण आमच्या गोलाचा जरा जास्तच कलला होता. मधल्या फळीवर बोर्नव्हिटाच्या डब्यांत माती : काळी, भुरकी, चोपण. आणि खालच्या फळीवर दगड. त्यातला एक लोणारचा. १९८७ च्या सहलीत एका पोरानं तो खिशात घालून आणला होता. एस.टी.त बसल्यावर त्याच्या पँटचा खिसा फाटला, दगड माझ्या पायाशी गडगडत आला आणि चोरी उघडी पडली. मी पोराला रागावले आणि दगड मात्र ठेवून घेतला. दुसऱ्या दिवशी फुलस्केप कागदाचा तुकडा फाडून त्यावर लिहिलं : ‘लोणार. विवराची कड. डिसेंबर १९८७.’ आणि डिंकानं तो दगडावर चिकटवला.

हा सगळा प्रपंच त्या चिठ्ठीसाठी सांगतेय.

आमच्याकडे पाहुणा आला की त्याला दाखवायची ठिकाणं ठरलेली. घाटाखाली शेगाव, घाटावर लोणार. बुलढाणा जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग आहेत, हे बाहेरच्याला पटकन कळत नाही. आम्ही मात्र सोयरीक जुळवतानाही ते आधी विचारतो. मेहकर घाटावरचं. लोणार तिथून पंचवीसेक किलोमीटर. दरवर्षी डिसेंबरात सहल. धारेच्या पाण्यात हातपाय धुवायचे, विवराच्या पोटात उतरायचं, कमळजा देवीला नमस्कार करायचा, आणि चढताना धापा टाकत शिक्षकांनी म्हणायचं, ‘पुढच्या वर्षी आपण खाली उतरायचं नाही बरं का.’ गावात आलं की दैत्यसूदनाचं देऊळ. लवणासुर नावाचा राक्षस या खळग्यात राहायचा, त्याला विष्णूनं मारलं, म्हणून देव दैत्यसूदन. आमच्या मेहकरलाही मेघंकर राक्षस होता, त्याला शारंगधरानं मारलं. पंचवीस किलोमीटरच्या आत दोन राक्षस आणि दोन विष्णू. लोणारचा खड्डा उल्केनं पडला यापेक्षा पोरांना हे लवकर पटायचं.

आणि खरं सांगायचं तर उल्केचं स्पष्टीकरणही पहिल्यापासूनचं नव्हतं. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्यानं लोणारची नोंद केली. त्याच्या कितीतरी आधी ‘आईन-ए-अकबरी’त या भागाचं वर्णन आहे, काच आणि साबण करायला लागणारं सगळं इथे मिळतं म्हणून. पुढे दीडशे वर्षं हा ज्वालामुखीचाच खळगा असावा असं बहुतेक जण धरून चालले. बाकी सगळं दख्खनचं पठार लाव्हाचं, मग हे वेगळं कशाला? १८९६ मध्ये ग्रोव्ह गिल्बर्ट या अमेरिकी भूवैज्ञानिकाला ॲरिझोनातल्या खड्ड्याचा विचार करताना लोणारची आठवण झाली होती, पण तेव्हा गंमत अशी की ॲरिझोनाचा खड्डाही उल्केचा नाही असंच त्यानं ठरवलं.

निकाल लागला तो १९७३ मध्ये. ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोधनिबंध आला. लिहिणाऱ्यांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दुबे आणि बालसुंदरम, अमेरिकेच्या भूगर्भ खात्याचे मिल्टन, आणि पहिलं नाव कर्ट फ्रेडरिक्सन. सरोवराच्या तळात भोकं पाडून त्यांनी खोलवरचे खडक वर काढले होते. त्यांत मास्केलिनाइट सापडलं. काळ्या पाषाणात पांढरट स्फटिक असतात ना, त्यांची काच झालेली. वितळून नव्हे, नुसत्या धक्क्यानं. एवढा धक्का ज्वालामुखी देऊ शकत नाही. आकाशातून काहीतरी आदळलं पाहिजे. पावणेदोन-दोन किलोमीटर रुंदीचा, काठापासून तळापर्यंत दीडशे मीटर खोल असा खड्डा, आणि तोही बेसॉल्टमध्ये. असे फार थोडे, म्हणून चंद्र आणि मंगळाचा अभ्यास करणारे लोक आमच्या लोणारला येतात.

हे फ्रेडरिक्सन ‘स्मिथसोनियन’चे. हा शब्द मी पहिल्यांदा त्या निबंधाच्या झेरॉक्सवर वाचला. वाटलं, एखादं विद्यापीठ असेल.

२०१७ ची दिवाळी आम्ही व्हर्जिनियात मुलाकडे केली. आकाशकंदील सोबत नेला होता, तो कस्टममध्ये उलगडून दाखवावा लागला. मुलगा-सून नोकरीवर, नात दहा वर्षांची. एका सकाळी नात म्हणाली, ‘आजी, स्मिथसोनियनला जाऊ या.’ मी चमकले. हे एस.टी.तून निवृत्त झालेले, जन्मभर तिकिटं फाडली. यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तिकीट किती?’

‘काहीच नाही आबा. फ्री आहे.’

‘फुकट?’ हे माझ्याकडे वळून म्हणाले, ‘फुकट हाय, तं पाह्याले काय ठेवलं असन?’

यांच्या या प्रश्नाचं उत्तर द्यायला तीन दिवस लागले आणि तरी पुरं झालं नाही. ‘स्मिथसोनियन’ ही एक इमारत नाही. एकवीस संग्रहालयं आणि एक प्राणिसंग्रहालय, बहुतेक वॉशिंग्टनमध्येच. त्यांतली निम्म्याहून जास्त एका लांबलचक हिरवळीच्या दोन्ही अंगांना, ओळीनं, जत्रेतल्या दुकानांसारखी उभी. नाताळचा एक दिवस सोडला तर वर्षभर उघडी. आम्ही व्हिएन्ना नावाच्या स्टेशनावरून मेट्रोच्या नारिंगी गाडीत बसलो, ‘स्मिथसोनियन’ नावाच्याच स्टेशनावर उतरलो आणि सरकत्या जिन्यानं वर आलो तर एका टोकाला संसदेचा घुमट, दुसऱ्या टोकाला वॉशिंग्टनचा सुळका, आणि मधे हजारो माणसं निवांत. दुपारी त्याच हिरवळीवरच्या बाकावर बसून आम्ही दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. कोणी काही म्हणालं नाही.

सुरुवात लाल दगडाच्या जुन्या वाड्यापासून केली. त्याला कॅसलच म्हणतात. दारातच एक दगडी थडगं. जेम्स स्मिथसन, इंग्रज, रसायन आणि खनिजांचा अभ्यासक. १८२९ मध्ये इटलीत जिनोआला वारला. मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की पुतण्या निपुत्रिक गेला तर सगळी संपत्ती अमेरिकेला द्या, ज्ञान वाढवायला आणि पसरवायला तिथे एक संस्था काढा. पुतण्या गेला तसाच. १८३८ मध्ये १०५ थैल्या भरून सोन्याची नाणी जहाजानं आली. घ्यायची की नाहीत यावर तिथल्या पुढाऱ्यांनी पुष्कळ वाद घातला आणि १८४६ मध्ये संस्था झाली. मौज म्हणजे या गृहस्थानं अमेरिकेत कधी पाऊलही ठेवलं नव्हतं. त्याची हाडं तेवढी १९०४ मध्ये आली. टेलिफोनवाले ग्रॅहम बेल स्वतः जाऊन घेऊन आले.

‘वारस नसला की पैसा देवाला देतात आपल्याकडे,’ हे म्हणाले. ‘यानं कपाटाला दिला.’

नैसर्गिक इतिहासाच्या संग्रहालयात शिरलं की घुमटाखाली आफ्रिकेचा हत्ती, सोंड वर केलेला. खांद्यापाशी तेरा फूट उंच. १९५९ पासून तिथे उभा आहे. त्याच्या पायाशी माणसांची चुकामूक होते आणि तिथेच भेटही होते. आमच्याकडे बसस्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीपाशी भेटू म्हणतात, तसं इथे ‘हत्तीपाशी’. मी सरळ रत्नांच्या आणि खडकांच्या मजल्याकडे निघाले. होप हिऱ्यापाशी मुंबईची लोकल. निळा, ४५.५२ कॅरटचा, काचेच्या पेटीत हळूहळू फिरणारा. कृष्णेकाठच्या कोल्लूर खाणीतला असं मानतात. ताव्हेर्निए या फ्रेंच व्यापाऱ्यानं तो फ्रान्सच्या राजाला विकला, राज्यक्रांतीत तो चोरीला गेला, पुन्हा कापला गेला, हाताहातांतून फिरला, आणि १९५८ मध्ये हॅरी विन्स्टन या जवाहिऱ्यानं तो संग्रहालयाला दिला. पाठवला कसा? रजिस्टर पोस्टानं. खाकी कागदात गुंडाळून. तो कागदसुद्धा स्मिथसोनियननं जपून ठेवलाय, टपालाच्या संग्रहालयात. नातीनं हे इंग्रजी पाटीवरून वाचून मराठीत सांगितलं, तेव्हा हिऱ्यापेक्षा त्या खाकी कागदाचंच यांना जास्त कौतुक वाटलं. पावती कधी फेकू नये, हा यांचा जुना सिद्धांत.

मला मात्र पुढच्या एका काचेपाशी थांबावंसं वाटलं. अपोफिलाइट, पुण्याकडचा. दख्खनच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्यांत सावकाश हे स्फटिक वाढले. हिरवट, काचेसारखे, टोकदार. आपण विहीर खणताना किंवा खडी फोडताना असा दगड फुटतो, चमचम दिसते, गडी म्हणतो ‘गारगोटी हाय,’ आणि तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जातो. इथे त्याच्यावर वरून दिवा सोडलेला. खाली छोटी पाटी : नाव, गाव, देश.

उल्कांच्या भागात मी तासभर रेंगाळले. ॲरिझोनाच्या खड्ड्याची माहिती होती. तो पन्नासेक हजार वर्षांचा, सव्वा किलोमीटर रुंद. लोणारचं वय पूर्वी त्याच्याच बरोबरीचं सांगत, २०११ मध्ये आर्गॉनच्या मोजणीनं ते पाच लाख सत्तर हजारांपर्यंत मागे गेलं. लोणारचा दगड कुठे दिसेना. माहितीच्या टेबलापाशी पांढऱ्या केसांच्या एक बाई बसल्या होत्या, स्वयंसेवक. माझ्यासारख्याच निवृत्त शिक्षिका निघाल्या. त्यांना मी वहीत लिहून दाखवलं : लोणार, १९७३, फ्रेडरिक्सन. नात मध्ये दुभाषी. त्या हसल्या. म्हणाल्या, या एका संग्रहालयाकडे चौदा कोटींहून जास्त नमुने आहेत. तुम्हाला दिसतात ते शंभरातला एकही भाग नाही. बाकीचे खणांत. पण खणात असला तरी प्रत्येकाला नंबर असतो, आणि नंबराला चिठ्ठी असते : कुठून आणला, कोणी, कधी. चिठ्ठी गेली तर? मी विचारलं. त्यांनी दोन्ही हात पसरले. मग तो नुसता दगड.

मला आमचं कपाट आठवलं. त्या रात्री झोप नीट लागली नाही. विमानाच्या वेळेचा फरक असेल.

दुसरा दिवस हवाई आणि अंतराळाच्या संग्रहालयाचा. राइट बंधूंचं विमान खरंखुरं, १९०३ चं. त्यातला पायलट पालथा झोपून ते चालवायचा. १७ डिसेंबरच्या पहिल्या उड्डाणात बारा सेकंद हवेत, १२० फूट लांब. मेहकरच्या जिजाऊ चौकातला रस्ता ओलांडायलाही आठवडी बाजाराच्या दिवशी यापेक्षा जास्त वेळ लागतो. आणि या विमानाची एक कथा आहे. स्मिथसोनियनच्या लोकांनी उडण्याचं श्रेय त्यांच्याच एका जुन्या प्रमुखाला, लँगलीला द्यायचा घाट घातला, तेव्हा ऑर्व्हिल राइट रुसला आणि विमान त्यानं १९२८ मध्ये चक्क लंडनच्या संग्रहालयाकडे ठेवायला पाठवून दिलं. पुढे इथल्यांनी चूक कबूल केली. विमान परत यायला १९४८ उजाडलं, तोवर ऑर्व्हिलही गेला होता.

‘म्हणजे यांचीपण वस्तू लंडनले गेली,’ हे म्हणाले. सगळ्या अमेरिकेत यांना मनापासून आपलं वाटलं ते एवढंच.

त्यामागे मेहकरची जखम आहे. १८८८ साली मेहकरला जमिनीतून शारंगधर बालाजीची मूर्ती निघाली. काळ्या पाषाणाची, माणसाच्या दुप्पट उंचीची, प्रभावळीसकट एकसंध. गावात सांगतात की ती लाकडी पेटीत होती, चंदनाच्या भुश्यात झाकून ठेवलेली. सोबत दागिने होते, ताम्रपट होता. ते सगळं साहेबानं लंडनला नेलं. मूर्तीही जाणार होती. म्हणून गावानं घाईघाईनं प्राणप्रतिष्ठा केली, पूजा सुरू केली आणि पूजेतला देव उचलायची हिंमत सरकारला झाली नाही. यातलं कागदावर किती आणि तोंडी किती, ते बाजूला ठेवू. पण मेहकरच्या माणसाला संग्रहालय हा शब्द आधी असा भेटतो : जिथे आपला देव जाता जाता राहिला ती जागा. बोलण्यात तर तो शब्द नाहीच. नागपूरचं १८६३ चं संग्रहालय आमच्या आजीच्या पिढीला ‘अजब बंगला’. पोळा झाल्यावर नातेवाइकांकडे जायचं आणि अजब बंगला पाहून यायचं.

तिसऱ्या दिवशी आशियाई कलेच्या फ्रीअर दालनात गेलो. पावणेदोन वर्षांच्या दुरुस्तीनंतर ते त्याच महिन्यात उघडलं होतं. तिथे चोळांच्या काळातली ब्राँझची एक उभी स्त्री आहे, दहाव्या शतकातली. राणी सेंबियन महादेवी पार्वतीच्या रूपात असावी असं म्हणतात. हात इतका लांब आणि सैल सोडलेला की पाण्यात वेल तरंगावी. हे समोर उभे राहिले. मला वाटलं, आता हात जोडतील. नाही जोडले. सावकाश चालत मूर्तीच्या मागे गेले आणि बराच वेळ तिथेच थांबले. मग मला खूण केली.

‘पाय, पाठ कशी घडवली. वेणीचा पेड न् पेड. चाळीस वर्षं बालाजीचं दर्शन घेतो, पाठ कधी पाह्यली नाही.’

खरं होतं. पाठच काय, आम्ही बालाजीचं कोरीवकामही धड पाहिलेलं नाही. अंगावर जरीचं वस्त्र, गळ्यात हार, वर मुकुट; दिसतो तो चेहरा. तोही आरतीच्या गर्दीत, दोन डोक्यांमधून. विष्णूची मूर्ती ओळखायची रीत हातांवरून असते. खालच्या उजव्या हातापासून निघून वर, मग डावीकडे, खाली : पद्म, शंख, चक्र, गदा असा क्रम आला तर केशव; शंख, पद्म, गदा, चक्र आला तर नारायण; गदा, चक्र, शंख, पद्म आला तर माधव. अशी चोवीस नावं, संध्येत म्हणतात तीच. गो. बं. देगलूरकरांच्या ‘विष्णुमूर्ते नमस्तुभ्यम्’मधून मी हे शिकले. हातातलं दिसलं तर मोजणार ना! पूजेनं मूर्ती आमच्याकडे राहिली आणि पूजेनंच ती झाकली गेली. संग्रहालयानं उघडी केली, तर तिच्यापुढे दिवा नाही. मला दोन्ही हवं असतं. ते मिळत नाही याचा राग मी देवळावर काढते, हे म्हणतात.

अंतराळाच्या संग्रहालयातली एक गोष्ट सांगायची राहिली. तिथे चंद्रावरचा एक खडा आहे, हात लावू देतात. रांग होती. अपोलो १७ च्या यात्रींनी १९७२ मध्ये आणलेला, कापून गुळगुळीत केलेला तुकडा, करंगळीएवढा, आणि लाखो बोटांनी तुळतुळीत झालेला. देवळाच्या उंबऱ्यासारखा. पाटीवर लिहिलं होतं : बेसॉल्ट. म्हणजे काळा पाषाण. माझ्या परसातल्या धुण्याच्या दगडाचा भाऊबंद. मागच्यानं घसा खाकरेपर्यंत मी बोट काढलं नाही.

देऊळ की संग्रहालय, हा प्रश्न पुढे आमच्याकडे पुन्हा उभा राहिला. २०२४ च्या जूनमध्ये सिंदखेड राजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीपाशी जतनाचं काम चालू असताना आधी एका शिवमंदिराचा पाया लागला आणि मग सव्वादोन मीटर खाली शेषशायी विष्णू. १.७० मीटर लांब, एक मीटर उंच. लक्ष्मी पाय चेपतेय, मागे दशावतार आणि समुद्रमंथनातली रत्नं. दगड आमच्याकडचा नव्हे. क्लोराइट शिस्ट, मऊ, दक्षिणेकडे होयसळांच्या देवळांत असतो तसा. नख रुतेल असं बारीक काम त्यातच होतं, आमच्या बेसॉल्टमध्ये नाही. मेहकरहून सिंदखेड राजा तासाभराचा रस्ता. पुढे नागपुरात नवं संग्रहालय झालं की मूर्ती तिथे ठेवू असं पुरातत्त्व खात्याकडून सांगितलं गेलं, आणि ती इथेच राहावी अशी मागणी गावातून उठली. चहाच्या टपरीवर मला एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘मेहकरवाल्यांनी पूजा केली म्हून त्यायचा देव राह्यला.’ म्हणजे १३६ वर्षांनीही तोच हिशेब.

मला विचाराल तर मूर्ती सिंदखेड राजातच राहावी. जिजाऊंच्या जन्मगावी बारा जानेवारीला लाखो लोक येतात, तलाव, रंगमहाल, नीळकंठेश्वर, सगळं चालण्याच्या अंतरावर आहे. छपराखाली, दिव्याखाली, चहूबाजूंनी फिरता येईल अशी ती ठेवली तर एवढी गर्दी तिला नागपुरात मिळायची नाही. पण एक गोष्ट गावानं मान्य केली पाहिजे. १८८८ ची मूर्ती कुठल्या थरातून, कशासोबत निघाली, ते आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. २०२४ च्या मूर्तीची खोली, लांबी, दगडाची जात लगेच लिहिली गेली.

अमेरिकेहून आल्यावर मी शाळेत गेले होते, ते सांगून थांबते. भूगोलाची खोली आता संगणकाची झाली आहे. कपाट मागच्या खोलीत, मोडक्या बाकांच्या मागे. काच फुटलेली. गोल नव्हता. डबे नव्हते. खालच्या फळीवर धुळीत तीन दगड होते, तिन्ही काळे, तिन्ही मुठीएवढे. तिन्हींवर चिठ्ठी नाही. एकावर डिंकाचा पिवळा डाग दिसतोय असं वाटलं. मग दुसऱ्यावरही वाटलं. झुरळं डिंक खातात, कागदही खातात. प्रयोगशाळेतून लोहचुंबक मागवलं. लोणारचे वाटाडे पर्यटकांना दोरीला बांधलेलं चुंबक दाखवून चकित करतात, तसं. पण काळ्या पाषाणात लोखंड असतंच. तिन्हींनी थोडं थोडं ओढलं.

‘बाई, हे गोटे फेकून देऊ काय?’ शिपाई दारात उभा.

मी तिन्ही पिशवीत घालून घरी आणले. हे म्हणाले, ‘लोणारचा कोणता?’ मी म्हटलं, बघते. अजून बघतेच आहे. दोन खिडकीत आहेत. तिसरा मागच्या दाराला अडसर म्हणून लावला आहे, वारा सुटला की दार आपटतं म्हणून.